चिंचेखालचा दगड

मीच म्हणलं होतं किसनसिंगला, फिरून जा म्हणून. हरीशच्या बापानं न्हाई, हरीशनं बी न्हाई. गावातले आता माझ्या लेकाला नावं ठेवतात, ठेवू द्या, त्याच्या वाट्याचं त्यानं केलंच. पण पहिला शब्द या गोजरबाईच्या तोंडातून गेला. जन्मभर फटकळ म्हणून मिरवले, न् त्या दिवशी नेमकी गोड बोलले.

आमचं वावर गाव न् तांडा यांच्या मधी. बाजाराचं गाव कुरुंदा, त्याच्या खालच्या अंगाला, काळी कसदार जमीन, सहा एकर एका तुकड्यात. त्याच्या पोटातून तांड्याची पायवाट यायची. ओढ्याचा खडक उतरला की आमचा धुरा, धुऱ्यावरून आत आलं की चिंच, चिंचेपाशी डाव्या हाताला वळलं की हीर, न् हिरीपासून सरळ मारुतीचा पार. एक बिडी ओढून होईस्तोवर तांड्यातला माणूस गावात. मजुरीला निघालेल्या बाया, दळणाचे डबे, शाळेची लेकरं, सगळं त्याच वाटेनं. दरसाल आमचा नांगर तिच्यावरून फिरायचा, पेरताना आमी हातभर पट्टी सोडायचो, न् आठ दिवसांत पायांनी वाट पुन्हा उमटायची. कोणी कोणाला विचारत न्हवतं.

त्या वाटेचा खरा धनी म्हणजे किसनसिंग. लहानपणी देवी आल्या न् त्याचे दोन्ही डोळे गेले. अंबाडीचे कासरे, दावी, मुसक्या वळायचा, न् गावातल्या बाजा विणायचा. डोळस माणसानं विणलेल्या बाजेची दोन सालात झोळी होते. किसनसिंगची बाज आठ साल ताठ राहायची, वर लेकरं नाचली तरी. रोज सकाळी एकटा यायचा, अनवाणी, खांद्यावर अंबाडीचा भारा. काठी असायची, पण काखेत. मी नवी नवरी होते तवा विचारलं, "किसनभाऊ, टेकवत न्हाई तर काठी कशाला बाळगता?"

"कुत्र्यांसाठी हाय, वयनी. वाटेसाठी पाय हायेत."

ही वाट त्याला त्याच्या मायनं शिकवली. सोजराबाई तिचं नाव, मी तिला म्हातारपणीच पाहिली. पोरगं आंधळं झालं तवा तांड्यातले म्हणले, आता याला खोपटात बसवून खाऊ घाल. तिनं ऐकलं न्हाई. एक अख्खा उन्हाळा तिनं त्याला रोज या वाटेनं आणलं न् नेलं, पण हात धरला न्हाई. पुढं ती, मागं हा, तिच्या पायातल्या वाळ्यांच्या आवाजावर. जिथं वळण तिथं तिनं ओढ्यातून चपटा दगड आणून रोवला. धुऱ्यावर एक, चिंचेखाली एक, हिरीपाशी एक. तळपायाला दगड लागला की वळायचं. मग एक दिवस तिनं वाळे काढून ठेवले न् म्हणली, जा. पोरगं गेलं, न् एकटं परत आलं. चिंचेखालचा दगड सगळ्यात मोठा होता. मधी खोलगट, बरोबर पाऊल बसावं असा. पन्नास साल त्याचं पाऊल तिथं पडलं.

आमचे मालक न् तो एका वयाचे, पोरपणी मालक गुरं राखायचे तवा हा संगतीला असायचा. चार माणसांत किसनसिंग मालकाला "पाटील" म्हणायचा. दोघंच असले की "ग्यानबा". पोळ्याला तो बैलांसाठी नवे कासरे न् म्होरक्या घेऊन यायचा, न् मी त्याला पुरणाची पोळी वाढल्याशिवाय जाऊ द्यायची न्हाई. तूप जास्त झालं की म्हणायचा, "वयनी, बैल मी हाय का तो हाय?"

जिल्हा नवा होऊन दोन सालं झाली असतील, तवा हरीशच्या डोक्यात हळद शिरली. कुरुंद्यातल्या पोरांनी हळदीवर घरं बांधली, मोटारसायकली घेतल्या, न् आपण अजून कापूस न् जवारीच करून राहिलो, हे त्याचं रोजचं. मालक म्हणले कर बाबा. मृगात बेणं लावलं. हरीशनं वाटेची पट्टी बी सोडली न्हाई, सलग लावून टाकलं. मी बोलले, तर म्हणला, "आई, मधी वाट सोडली तर पाणी कसं फिरवू? एक सालाचा तर सवाल हाय."

महिन्याभरात कोंब वर आले. मी धुऱ्यावर खुरपत होते न् किसनसिंग आला. दगडावर पाय ठेवून आत वळणार, तेवढ्यात मी उठले.

"किसनभाऊ, थांबा. पाय टाकू नका. हळद लावलीय."

"वाटेवर?"

"पहिलंच साल हाय. कोंबावर पाय पडला की गड्डा गेला बघा. एवढं एक साल सडकेनं फिरून जा. हळद निघाली की वाट तुमचीच."

तो उभा राहिला. वाकून हातानं चाचपलं, कोंब बोटांत धरून सोडून दिला, मोडू न देता.

"तुमचा शब्द हाय ना, वयनी?"

"हाय की. माझा न्हाई तर कोणाचा?"

"मग तांड्याला मी सांगतो," म्हणला न् माघारी वळला.

देवाशपथ सांगते, मी खोटं बोलले न्हवते. त्या दिवशी ते खरंच होतं.

न् तांड्याचं काय सांगावं! किसनसिंगनं शब्द दिला म्हणल्यावर एक माणूस त्या वावरात शिरला न्हाई. दुसरं गाव असतं तर चारदोन जण चोरून मधून गेलेच असते, आमी शिव्या दिल्या असत्या, न् वाट जिती राहिली असती. यांनी मात्र साल सांभाळलं. पोटुशा बाया, तापलेली लेकरं, सगळी सडकेनं. आडमुठी असती माणसं तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

सडक म्हणजे पाऊण कोसाचा फेरा. कुरुंद्याच्या बाजाराचे टेम्पो सुसाट जाणार, न् ओढ्याच्या पुलाला कठडा न्हाई. किसनसिंग पहिल्या दिवशी आला तो बायकोच्या हाताला धरून. भिकाबाई पुढं, हा मागं, मान खाली. पारावरच्या टवाळांनी विचारलंच, "काय किसनसिंग, म्हातारपणी नवरीचा हात धरला का?" एरवी त्यानं दोन सुनावली असती. त्या दिवशी गप बसून बाज विणली, न् त्या बाजेचा एक पेड चुकला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

असा चारपाच दिवस आला असेल. मग पुलावर एका मोटारसायकलीचा आरसा त्याच्या कोपराला लागला. तो पडला, भारा सुटला, न् मागून आलेला टेम्पो अंबाडीवरून गेला. भिकाबाईनं त्या दिवसापासून त्याला सडकेवर येऊ दिलं न्हाई. "मला नवरा पायजे, दोर न्हाई," म्हणली. तो तांड्यात बसला. लोकांनी कुरुंद्याहून नायलॉनचे कासरे आणले. नायलॉन बैलाची मान सोलतं, पण विचारतो कोण?

माघात हळद निघाली. खणायला तांड्याच्याच बाया होत्या, सडकेनं फिरून आलेल्या. जिथं त्यांची वाट होती तिथंच बसून गड्डे झाडत होत्या. भिकाबाई बी होती. आठ दिवस कढई चालली, पाल्याचा जाळ, वाफेनं डोळे चुरचुर करून राहिले, हातपाय, लुगडं, भाकर, सगळं पिवळं. शेवटची कढई उतरली तवा भिकाबाई कंबर धरून उठली न् म्हणली, "बाई, आता निघाली ना हळद?"

मला कळलं ती काय विचारून राहिली. "व्हय माय, निघाली," मी म्हणलं. "सांगते हरीशला."

सांगितलं. जेवताना सांगितलं. हरीशनं घास खाली ठेवला.

"आई, तुला कळत कसं न्हाई? आज पायवाट सोड, उद्या तांड्याला रस्ता मंजूर झाला की ह्याच रेघेवर डांबर पडेल. वावराचे दोन तुकडे होतील. मग बस डांबरावर हळद लावत."

"मी शब्द दिलाय रे."

"तू दिलाय. सातबारा तुझ्या नावावर हाय का?"

मी मालकाकडं पाहिलं. मालक ताटात बोटानं रेघा ओढून राहिले. काही तरी बोला हो, माझ्या मनात आलं. ते हात धुवून उठले.

उन्हाळ्यात ट्रॅक्टर आला. वावर एकसारखं केलं, धुऱ्याला तारा ठोकल्या. चिंच बी गेली, सावलीत हळद बसत न्हाई म्हणून. फाळाला दगड लागले तसे हरीशनं दोन हिरीच्या भरावात लोटले. तिसरा उचलत होता तर मी म्हणलं, "चांगला चपटा हाय, टाकू नको. न्हाणीत धुण्याला होईल." माझी अक्कल बघा! दोन दिवस त्याच्यावर धुणं आपटलं. तिसऱ्या दिवशी आंघोळीला बसताना ओला पाय त्या खळग्यात बसला, न् मी वळखलं. चिंचेखालचा होता. पन्नास सालाचं किसनसिंगचं पाऊल माझ्या न्हाणीत. मी त्याच्यावर पोतं टाकलं न् धुणं हिरीवर न्यायला लागले. कोणाला बोलले न्हाई.

त्या पोळ्याला बी किसनसिंग आला न्हाई. मी एक पोळी काढून ठेवली, ती तिसऱ्या दिवशी गाईला घातली.

किसनसिंगच्या पुतण्यानं, जगननं, तालुक्याला अर्ज दिला होता. जगन शिकलेला, ताळमेळ ठेवून बोलणारा. भादव्यात साहेब आला, संगं तलाठी. हळद मांडीला लागत होती. तारेपाशी तांड्याची दहाबारा माणसं, किसनसिंग मधी, धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला पागोटं. साल झालं होतं मी त्याला पाहून. चेहऱ्याचा रंग उतरला होता, तळहात मऊ पडलेले दिसले. दोर वळणाऱ्या माणसाचे हात तसे नसतात.

साहेब माणूस वाईट न्हवता. खुर्चीवर बसला, कागद मांडीवर घेतला न् म्हणला, "इथं तर वाट दिसत नाही. साल झालं, कोणी चाललेलं नाही. आधी का नाही आलात?"

जगन म्हणला, "साहेब, त्यांनी एक साल फिरून जा म्हणलं. आमी शब्द पाळला."

"कागद आहे का काही?"

"शब्दाला कागद कशाचा, साहेब?" किसनसिंग बोलला. "तीन दगड व्हते. माझ्या मायनं रोवलेले. ते बघा."

हरीश हसला. "काळ्या रानात दगड कुठले साहेब?"

साहेबानं मालकाला विचारलं. मालक पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडून राहिले. "मला आठवत न्हाई," म्हणले. गुरं राखताना त्याच चिंचेखालच्या दगडावर बसून दोघांनी भाकरी खाल्ल्या होत्या.

मग साहेब माझ्याकडं वळला. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. "मावशी, तुम्ही सांगा. होते का दगड?"

सगळे माझ्याकडं पाहून राहिले. भिकाबाई बी. किसनसिंगनं मान माझ्या आवाजाच्या दिशेला वळवली, न् त्याच्या तोंडावर जरासं हसू आलं. त्याला वाटलं आता वयनी बोलेल. न्हाणी तिथून हाकेवर होती. पोतं उचलायचा अवकाश होता.

"मला बाईमाणसाला काय कळतं वावरातलं," मी म्हणलं.

मी! जिनं कोळपणीच्या पाळीपासून बैलाच्या दातापर्यंत कोणाला कधी बोलू दिलं न्हाई, ती मी. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

किसनसिंगचं हसू लगेच गेलं न्हाई. हळूहळू गेलं. मग त्यानं काठी काखेत मारली न् म्हणला, "साहेब, मी चालून दाखवतो. इथून पारापर्यंत. मला दिसत न्हाई, मी काय वळणं मनानं काढणार? तुमी फक्त माझे पाय बघा."

साहेबाला ते पटलं. तार खाली दाबली, तो आत शिरला. तांड्याची माणसं पुढं सरकली. पहिली दहा पावलं तो असा गेला, की मला वाटलं, जिंकला. मला बरं वाटलं, खरं सांगते. मग सरी लागली. पाय खाली गेला, दुसरा वरंब्यावर आला. तो थांबला. पाऊल फिरवून चाचपलं. तिथं ट्रॅक्टरनं हातभर माती इकडची तिकडं केली होती. पुन्हा चार पावलं. पुन्हा सरी. वास घेतला त्यानं, नाक वर करून, चिंचेचा. चिंच कुठं होती? मग उजवीकडं वळला, मग डावीकडं, मग जिथून आला तिकडंच तोंड करून उभा राहिला. काखेतली काठी त्यानं हातात घेतली न् समोर टेकवली. उभ्या जन्मात पहिल्यांदा मी त्याला काठी टेकवताना पाहिलं. भिकाबाईनं पदर तोंडात कोंबला.

"वाट इथंच व्हती," तो म्हणला. मग जोरात म्हणला, "इथंच व्हती रे!"

 साहेबानं मान खाली घालून लिहायला घेतलं. जगन तार ओलांडून निघणार, त्याच्या आधी आमचे मालक आत गेले. हळदीतून सपसप जाऊन त्यांनी किसनसिंगचा हात धरला. किसनसिंगनं हिसका दिला न्हाई. दोघं चालायला लागले.

न् मग मी जे पाहिलं ते दुसऱ्या कोणी पाहिलं न्हाई, कारण तांड्याची माणसं साहेबाच्या कागदाभोवती गोळा झाली होती. सरीसरीनं सरळ बाहेर यायचं सोडून मालक वरंबे तुडवत आडवे चालले. पंचवीसेक पावलं गेले न् चिंच जिथं होती तिथं बरोबर डावीकडं वळले. हिरीपर्यंत गेले. हिरीपासून सरळ. त्यांचं त्यांना कळत होतं का न्हाई, देवाला ठाऊक. पायाला ठाऊक होतं. साहेब खाली मान घालून लिहीत होता, हरीश त्याला सह्या कुठं घ्यायच्या ते विचारत होता.

"साहेब, इकडं बघा," एवढे तीन शब्द होते. मी तांब्यातलं पाणी मातीत ओतलं न् घरी आले.

वाट आढळून आली न्हाई, असा कागद निघाला.

त्या सालापासून मालक बाजेवर निजले न्हाईत. किसनसिंगनं विणलेली बाज भिंतीला उभी केली न् खाली घोंगडी टाकली. पाठ दुखते का विचारलं तर म्हणायचे, "न्हाई, बाज सैल झाली." सैल कुठली, टणक होती.  आमच्या घरात न बोलायची आता सवयच झाली होती.

दिवाळी झाली, जवारी पोटऱ्यात आली. एक दिवस दुपारी मी न्हाणीतलं पोतं काढलं, दगड घासून धुतला, पाटीत घातला न् डोक्यावर घेतला. हरीशनं दारात विचारलं, "काय नेऊन राहिली?"

"तुझ्या बापाचं इमान," म्हणलं न् निघाले. तारेपाशी गेले तर फाटकाला कुलूप. मग सडक धरली. पाऊण कोस. पुलावर टेम्पो आला तशी मी कडेला सरले, खाली ओढा दिसला, न् मी पाटीसकट खाली बसले. मला डोळे होते तरी.

तांड्यात किसनसिंग खोपटापुढं बसला होता. हातात अंबाडी न्हवती. रिकाम्या बोटांनी पेड वळल्यासारखं करून राहिला होता. भिकाबाईनं मला पाहिलं न् उठून आत गेली. मी पाटी उतरवली, दगड त्याच्या पायापाशी ठेवला.

"किसनभाऊ, मी गोजर."

"वळखलं. पाऊल वळखलं." त्यानं पाय पुढं केला. पाऊल त्या खळग्यात ठेवलं, न् तसंच राहू दिलं. 

"चिंचेखालचा," म्हणला.

"माझ्याजवळच होता. त्या दिवशी बी होता. मी बोलले न्हाई, किसनभाऊ." मला रडू आवरेना. "तालुक्याला येते मी. साहेबाला सांगते. हा दगड दाखवते."

"आता नका, वयनी. त्या दिवशी ग्यानबानं मला वाटेनंच बाहेर आणलं. सगळी वळणं घेऊन. माझ्या पायाला कळलं."

"मग बोलला काहून न्हाई? साहेब तिथंच होता!"

"त्यानं हात घट्ट धरला व्हता. म्हणलं बोलेल तो. हिरीपाशी वाटलं आता बोलेल. पारापाशी वाटलं आता बोलेल." त्यानं दगडावरून पाय काढून घेतला. "हे घेऊन जा. वाट न्हाई, तर ह्याचं मी काय करू?"

मी दगड उचलला न्हाई. उचलवलाच न्हाई. रिकामी पाटी घेऊन उठले. ऊन उतरलं होतं, ओढ्यापलीकडं आमचं वावर दिसत होतं, त्याच्यापलीकडं पार, न् माझ्या घराचं धाबं. हाक मारली असती तर हरीशला ऐकू गेली असती. नकळत माझे पाय खडकाकडं वळले, जुन्या वाटेला.

"वयनी," किसनसिंगनं मागून हाक दिली. आवाजात राग न्हवता, तेच तर मला सोसत न्हाई. लेकराला जपून जा म्हणावं तसं म्हणला, "तिकडून न्हाई. सडकेनं जा. फिरून जा."

मी फिरून आले.